एकतीस वाजता सुटणारी माणसं

माझी आई मी काय काम करते हे शेजारणींना सांगताना म्हणते, "कॉम्प्युटरमधलं सामान हलवते." पूर्वी मी तिला दुरुस्त करायला जायचे. आता सोडून दिलंय, कारण तिने सांगितलेलं माझ्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा जास्त खरं आहे. कंपन्यांची वर्षानुवर्षांची माहिती एखाद्या कोपऱ्यातल्या धूळ खात पडलेल्या सर्व्हरवर असते. ती तिथून काढायची आणि क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या, थंडगार खोलीत नेऊन ठेवायची. चिंचवड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आमचं छोटं ऑफिस आहे आणि तिथून आम्ही पिंपरीपासून चाकणपर्यंतच्या कारखान्यांचं सामान हलवत असतो.

सामान हलवताना पहिला प्रश्न असतो तो दाराचा. जुन्या घरातलं कपाट नव्या दारातून आत जाणार आहे का? क्लाउडवाल्या कंपन्या एक यादी देतात: अमुक डेटाबेस आम्ही उचलू, अमुक व्हर्जनच्या पुढचा असेल तर उचलू, त्याआधीचा असेल तर हात लावणार नाही. गिऱ्हाइकाकडे गेल्यावर मी आधी त्यांचं व्हर्जन या यादीत शोधते, मग चहाला हो म्हणते. चाकणच्या एका कंपनीत मात्र चहा आधी आला आणि तो पिताना मला कळलं की यांचं व्हर्जन यादीतल्या सगळ्यात खालच्या ओळीच्याही खाली आहे.

कंपनी गाड्यांच्या गिअरचे भाग बनवायची. हजेरी, पाळ्या, उत्पादन असं सगळं एकाच जुन्या डेटाबेसमध्ये. तो ज्याने लिहिला तो माणूस कधीचाच परदेशी गेला होता आणि त्याच्यानंतर त्याला कुणी हात लावला नव्हता. चालतंय ना, मग चालू दे. या पट्ट्यात हे धोरण सगळीकडे आहे आणि माझं घर त्यावरच चालतं, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. दापोडीहून चाकणला जाताना आपण भोसरीला उतरून पुढची बस धरतो, तसं मी करायचं ठरवलं. आधी त्या डेटाबेसला एका मधल्या व्हर्जनवर आणायचं आणि तिथून क्लाउडच्या गाडीत बसवायचं. मॅनेजर साहेबांना हे पटलं. दसऱ्याला कारखाना खंडेनवमीपासून दोन दिवस बंद असतो, तेव्हा शेवटची हलवाहलव करायची आणि दसऱ्यानंतर सगळं नव्या ठिकाणाहून सुरू, असं ठरलं.

मधल्या व्हर्जनवर चढवणं सुरळीत झालं. मग मी क्लाउडवाल्यांची तपासणी चालवली. हा प्रोग्रॅम तुमचं सगळं सामान उलटंपालटं करून बघतो आणि काय आत जाईल, काय जाणार नाही याचा रिपोर्ट देतो. जवळजवळ सगळ्या ओळी हिरव्या आल्या. एक ओळ लाल होती: हजेरीतली वेळ. कारण विचारलं तर म्हणे, वेळ वैध नाही. मी आत जाऊन बघितलं तर तिथे पंचवीस वाजून दहा मिनिटं, अठ्ठावीस वाजून चाळीस मिनिटं, एकतीस वाजून पाच मिनिटं अशा वेळा हजारोंनी पडलेल्या होत्या.

मला एकटीलाच हसू आलं. टाइम ऑफिसातले काका समोर बसले होते, त्यांनी चष्म्यावरून बघितलं. हे काका चाकणजवळच्याच एका गावचे. कारखाना उभा राहिला तेव्हापासून हजेरीचं काम बघणारे, आणि सर्व्हर ठेवलेलं कपाट त्यांच्याच ताब्यात. मी त्यांना विचारलं, "काका, एकतीस वाजता म्हणजे सकाळी सात ना?"

"व्हय," ते म्हणाले, "तिसरी पाळी एकतीसला सुटती. तुमाला कसं कळलं?"

मला कळलं, कारण मी तिसऱ्या पाळीच्या घरात वाढले. माझे वडील पिंपरीच्या एका कारखान्यात तिसरी करायचे. रात्री जेवणाचा डबा घेऊन निघायचे आणि सकाळी आम्ही शाळेच्या गडबडीत असताना परत यायचे. आमचा मंगळवार सुरू झालेला असायचा, त्यांचा सोमवार अजून संपायचा असायचा. आंघोळ करून, भाकरी खाऊन ते झोपले की त्यांचा सोमवार संपला. दापोडीच्या आमच्या दोन खोल्यांत अशा दोन तारखा एकाच वेळी नांदायच्या आणि कुणाचंही काही अडत नव्हतं. "माझे बाबा" या निबंधात मी लिहिलं होतं की बाबा सकाळी आठ वाजता रात्रीचं जेवण जेवतात. बाईंनी त्याखाली लाल रेघ मारली. त्या रेघेचा राग मला अजून आहे, आणि क्लाउडवाल्यांची लाल ओळ बघून तो पुन्हा वर आला.

ज्याने तो जुना प्रोग्रॅम लिहिला होता त्याला हे सगळं माहीत असणार. पाळी ज्या दिवशी सुरू होते त्या दिवसाची, मग ती संपो कधीही. म्हणून त्याने घड्याळ मध्यरात्री थांबवलंच नाही. चोवीस, पंचवीस, सव्वीस करत सकाळपर्यंत पुढे नेलं. सोमवारी आत गेलेला माणूस सोमवारीच एकतीस वाजता बाहेर पडायचा. मला तर ही युक्ती फारच आवडली.

क्लाउडवाल्यांचा इंजिनिअर फोनवर होता. मुलगा सभ्य होता, पण बोलताना सारखा "क्लीन करू या" म्हणत होता. आमच्या सेवेत सोय आहे, चोवीसच्या पुढची वेळ दिसली की ती आपोआप दुसऱ्या दिवसाच्या तारखेत टाकते, एक टिक करायची की झालं. मी म्हटलं, करून बघू. चाचणीपुरती शेवटच्या काही महिन्यांची हजेरी तशी हलवली आणि कंपनीने नवा हजेरीचा प्रोग्रॅम घेतला होता त्यातून एक तक्ता काढला.

तक्ता बघून काकांनी चष्मा काढून पुसला. तिसऱ्या पाळीची माणसं सगळी विस्कटली होती. सोमवारी रात्री साडेअकराला आत गेलेला माणूस सोमवारी अर्धाच तास कामावर, म्हणून गैरहजर. मंगळवारी मध्यरात्रीपासूनच कामावर, पण येताना कार्ड दाखवलं नाही, म्हणून अर्धा दिवस. जो जितका नेमाने रात्रपाळीला आला, तो तितका जास्त बुडवणारा ठरला.

त्यातला सर्वांत जास्त बुडवणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी टाइम ऑफिसच्या खिडकीशी उभा होता. मी येत होते, तो सुटत होता. लातूरकडचा, तिशीच्या आतबाहेरचा, तीन वर्षांपूर्वी ट्रेनी म्हणून लागलेला ऑपरेटर. जवळजवळ सगळा काळ त्याने तिसरी पाळी केली होती, कारण इतरांना ती नको असते. कंपनीचा नियम असा की ट्रेनी असताना हजेरीत खंड नसला तर माणूस पर्मनंटच्या यादीत येतो. यंदाची यादी दसऱ्यानंतर निघायची होती, आणि हेड ऑफिसने बजावलं होतं की ती नव्या प्रोग्रॅममधूनच निघेल, जुनं काही ग्राह्य धरणार नाही. आमच्या भागात पर्मनंट या शब्दाला काय वजन आहे ते इथे राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. मुलगी बघायला जाताना पाहुणे पगाराच्या आधी तेच विचारतात.

त्याला चाचणीच्या तक्त्याची बातमी कुठून तरी लागली होती. आवाज चढवला नाही, हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून मला विचारलं, "मॅडम, माझ्या रात्री तिकडं मोजतेत का?"

मी म्हटलं, मोजतील. आणि म्हटल्यावर लक्षात आलं की आपण शब्द देऊन बसलो. त्याने मान हलवली आणि डब्याची पिशवी घेऊन बसकडे गेला.

उपाय अवघड नव्हता, फक्त कंटाळवाणा होता. वेळ हा प्रकारच वापरायचा नाही. एका रकान्यात पाळीचा दिवस ठेवायचा आणि दुसऱ्यात त्या दिवसाच्या सुरुवातीपासून किती मिनिटं झाली तो साधा आकडा. आकड्याला कुणी वैध-अवैध म्हणत नाही. पण मग नव्या प्रोग्रॅममधले हजेरीचे सगळे तक्ते त्याप्रमाणे बदलायला लागणार होते, आणि मॅनेजर साहेब दसऱ्याच्या तारखेवर अडून बसले होते. ते म्हणाले, मॅडम, जगात सगळीकडे दिवस रात्री बारालाच बदलतो, आपण वेगळे कोण लागून गेलो? एक टिक करायची तर करा ना. माणूस वाईट नव्हता, वरून त्यालाही कुणीतरी टोचत होतं.

मी वाद घातला नाही. मी विचारलं, "सर, खंडेनवमीची सुट्टी कधी सुरू होते?"

"तिसरी सुटली की," ते लगेच म्हणाले.

"म्हणजे आदल्या रात्री बारा वाजता तिसरीवाल्यांना घरी सोडत नाही तुम्ही?"

ते मोठ्याने हसले. म्हणाले, बरं, तुमच्या त्या मिनिटांचं बघा, पण दसरा चुकवायचा नाही. मी बाहेर आले तेव्हा काकांनी माझ्यासाठी दुसरा चहा सांगून ठेवला होता. साखर जरा जास्तच होती, पण त्या दिवशी मला तो चहा आवडला.

पुढचे आठवडे मी चिंचवड ते चाकण असे रोज हेलपाटे घातले. चाकणच्या चौकात रिक्षात अडकलेली असतानाही डोक्यात मिनिटं चालायची. तक्ते बदलले, चाचण्या केल्या, इंजिनिअरला समजावलं. त्याने एकदा विचारलं की मग तुमच्याकडे एकतीसनंतर बत्तीसही वाजतात का. मी म्हटलं, ओव्हरटाइम केला तर वाजतात. त्या दिवसापासून त्याने क्लीन हा शब्द माझ्यासमोर वापरला नाही. खंडेनवमीच्या सकाळी तिसरी सुटेल, तिची शेवटची नोंद जुन्या सर्व्हरवर पडेल आणि मग दिवसभरात सगळं हलवायचं, इतकं आता पक्कं झालं होतं.

दसरा आमच्या घरी वेगळ्या कारणाने मोठा. आम्ही धम्मचक्र प्रवर्तनदिनाला पांढरे कपडे घालून विहारात जातो. आईवडिलांना घेऊन मला दसऱ्याच्या सकाळी तिथे पोचायचं होतं, म्हणून काम खंडेनवमीला संपवणं मलाही भाग होतं. कारखान्यातली खंडेनवमी मात्र मी आवडीने बघते. एरवी तेलाने माखलेली मशीन त्या दिवशी न्हाऊन-माखून उभी असतात. ऑपरेटर आपापल्या मशीनला हळदीकुंकू लावतात, झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात. ज्याच्यावर रोज खेकसतात त्याच मशीनपुढे हात जोडतात. मी हात जोडत नाही, पण प्रसादाचं खोबरं मात्र हक्काने घेते.

त्या सकाळी मी खोबरं चघळतच टाइम ऑफिसात शिरले आणि तोंडातला घास तसाच राहिला. जुन्या सर्व्हरवर हळदीची बोटं, कुंकवाचा टिळा, पंख्याच्या जाळीवरून आडवा घातलेला भरघोस हार. समोर नारळ. आणि सर्व्हर बंद. त्याचा तो कायमचा घुर्र आवाजच येत नव्हता.

दरवर्षी काका कपाटाच्या दाराला कुंकू लावायचे, आतल्या यंत्राला नाही. यंदा मीच कामाच्या सोयीसाठी ते बाहेर काढून टेबलावर ठेवायला लावलं होतं. समोर यंत्र दिसलं, मग काकांनी रीतीप्रमाणे ते बंद केलं, पुसलं आणि पुजलं. त्यांच्या लेखी त्यांनी सगळं नीट केलं होतं.

मी म्हटलं, काका, हे चालू पाहिजे, आजच तर यातून सगळं काढायचंय. ते म्हणाले, "पूजा झालेलं मशीन दसऱ्याच्या मुहूर्ताबिगर आमी चालू करत न्हाई ताई. आजवर कदी केलं न्हाई."

 अडचण एक नव्हती, दोन होत्या. काका सर्व्हर चालू करू देणार नाहीत ही पहिली. दुसरी मी त्यांना सांगितलीही नाही: इतकी वर्षं अखंड चालणारं जुनं यंत्र एकदा थंड झालं की पुन्हा उठेलच याची खात्री नसते. आधीची प्रत माझ्याकडे होती, पण शेवटच्या काही दिवसांच्या नोंदी आणि नुकतीच सुटलेली तिसरी पाळी फक्त त्या यंत्रात होती. हजेरीत खंड पडायला तेवढं पुरेसं होतं. तेवढ्यात तो लातूरकडचा ऑपरेटर दारात आला. त्याच्या हाताला अजून मशीन धुतलेल्या साबणाचा फेस होता. आत काय चाललंय ते त्याला आमची तोंडं बघूनच कळलं असावं, कारण तो दाराशीच थांबला.

काकांशी भांडून उपयोग नव्हता, आणि मला भांडायचंही नव्हतं. या माणसाने माझ्या मिनिटांसाठी महिनाभर हजेरीचे जुने कागद काढून दिले होते. मी खिडकीतून बाहेर बघत उभी राहिले. समोर हीट ट्रीटमेंटची, म्हणजे गिअर भट्टीत तापवून कडक करायची शेड होती. तिथली माणसं भट्टीची पूजा करत होती, आणि भट्टीच्या दाराच्या फटीतून लाल उजेड दिसत होता.

मी विचारलं, "काका, भट्टी बंद नाही केली?"

"भट्टी कशी बंद करनार? थंड झाली तर आतली वीट तडकती. ती चालूच ठेवून पुजायची."

"मग हा सर्व्हर पण भट्टीच आहे. थंड झाला तर आतून तडकतो."

  "आदी सांगायचं न्हाई का मंग," काका जरा रागानेच म्हणाले. पंख्यावरचा हार त्यांनी उचलून बाजूला नीट ठेवला, सर्व्हरला हात लावून तो कपाळाला लावला, आणि बटण स्वतः दाबलं. मला दाबू दिलं नाही.

पडदा बराच वेळ काळा राहिला. आतून टकटक असा आवाज येत होता, तो मला अजिबात आवडला नाही. ऑपरेटर दाराशी, काका हात जोडून, मी दोन्ही हात ओढणीत गुंडाळून. मग पंखा फिरला, हळदीची पूड उडाली आणि काकांना शिंक आली. पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. मी इतकी खूश झाले की त्या दिवशी पहिल्यांदाच मलाही त्या यंत्राला हात जोडावेसे वाटले.

दिवसभर सामान हलत राहिलं. दुपारी काकांच्या घरून पुरणपोळी आली. सर्व्हरला नैवेद्य दाखवूनच त्यांनी ती आमच्या ताटात वाढली. ऊन कलायच्या आत मी तिसऱ्या पाळीच्या जुन्या आणि नव्या नोंदी ताडून बघितल्या. एकही रात्र तुटली नव्हती. दुसऱ्या दिवशी विहारात वडिलांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, आमच्या वेळी तू असतीस तर बरं झालं असतं. मला त्यांचं हे बोलणं फार आवडलं.

दसऱ्यानंतर यादी लागली. नावं नव्या प्रोग्रॅममधूनच निघाली आणि लातूरकडच्या ऑपरेटरचं नाव त्यात होतं. सकाळी तो पेढे घेऊन टाइम ऑफिसात आला. काकांच्या पाया पडला, मला पेढा दिला आणि तरीही गेला नाही. मग म्हणाला, एक रात्र बघायची होती. तारीख त्याला तोंडपाठ होती.

मी पडद्यावर ती रात्र काढली. आत साडेअकराच्या जरा आधी, बाहेर एकतीस वाजता, हजर. तो वाकून बघत राहिला.

"त्या रात्री पोरगी झाली माझी, गावाकडं," तो म्हणाला. "सुट्टी टाकली असती तर खंड पडला असता. बायको अजून म्हणती, तू नव्हतास. तिला सांगायचंय, ती रात्र वाया गेली नाही."

 काकांनी पेढा तोंडात टाकला आणि खिडकीबाहेर बघितलं. थोड्या वेळाने ऑपरेटर म्हणाला की रजा टाकायची आहे, दोघींना चाकणला आणायचंय, खोली बघून ठेवलीय. पर्मनंट झाल्यावर नव्या प्रोग्रॅममधली ती पहिलीच रजा होती. काकांना अजून त्यातलं भरायला जमत नव्हतं, म्हणून मी बसले. तारखा भरल्या. पुढे रजेचं कारण विचारणारा रकाना आला.

"काय लिहू?" मी विचारलं.

"लिहा, मुलगी झाली."

"आरं, दोन वरसांची हाय की ती आता," काका म्हणाले.

"तव्हाची रजा राहिलीय ना माझी."

मी लिहिलं, मुलगी झाली. नव्या प्रोग्रॅमने ते निमूट घेतलं.